बिनशेपटाचं ‘नको’

अरे ऐक, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. चहा गार झाला तर होऊ दे, दुसरा मागवू. मला आधी सगळं एका दमात सांगू दे, कारण कालपासून हे डोक्यात नुसतं गरगरतंय, आणि घरी आईला सांगायला गेलो तर ती दुसऱ्याच वाक्याला डोळे पुसायला लागली.

माझे उस्ताद, सितो सिफू, तुला माहितीयेत. नाव माहीत नसेल, आवाज माहितीये. आपण शाळेतून आल्यावर कार्टून बघायचो ना, त्यातला तो आळशी पाणघोडा, स्वतः चिखलात लोळून दुसऱ्यांना कामाला लावणारा? तो आवाज सितो सिफूंचा. त्यातलाच दुष्ट प्रधानही तेच. माझी आई ज्या परदेशी मालिका बघत रडते त्यातले निम्मे सासरेही तेच. आणि मी त्यांच्याकडे डबिंग शिकतोय, क्वुन टोंगला, जुन्या कारखान्याच्या इमारतीत. खाली बटणांचं गोदाम, वर आमची खोली. लिफ्टमधून कायम कुणीतरी हातगाडी घेऊन चाललेलं असतं, म्हणून आम्ही जिन्यानं जातो आणि धापा टाकत माईकसमोर उभे राहतो.

आता तू म्हणशील डबिंगमध्ये शिकायचं काय, वाचायचं आणि बोलायचं. मीही तेच समजत होतो. पहिल्या दिवशी सिफूंनी मला एक बदक दिलं. बदकाचं वाक्य एवढंच, ‘ये’. मी म्हणालो ‘ये’. पडद्यावर बदकाची चोच चालूच. वाक्य संपलं, चोच हलतेच आहे. परदेशी भाषेत लांबलचक असतं ना ते, आपलं आखूड. याला आमच्यात रिकामं तोंड म्हणतात. तोंड हलतंय आणि आवाज नाही, यापेक्षा मोठी नामुष्की आमच्या धंद्यात नाही. मग ती जागा कशानं भरायची? शेपटानं. आपण हाँगकाँगवाले बोलताना वाक्याच्या शेवटी लावतो ना, ‘ला’, ‘लो’, ‘वो’, ते सगळं. आमच्या खोलीत त्याला शेपूट म्हणतात.

मी आपला बेधडक एक शेपूट चिकटवलं. सिफूंच्या हातात कायम पेन्सिल असते. ती त्यांनी टेबलावर आपटली, टक. टक म्हणजे चुकलं, पुन्हा. मी दुसरं लावलं. टक. तिसरं. टक. मग म्हणाले, “पूंग-जाय, शेपूट म्हणजे काय चिकटपट्टी आहे का, भोक दिसलं की लाव? बदक कुणाला बोलावतंय? का बोलावतंय? त्याच्या पोटात काय चाललंय?”

मी म्हणालो, “सिफू, बदक आहे ते.”

ते म्हणाले, “मग तू त्याच्यापेक्षा मठ्ठ आहेस. त्याला निदान माहितीये त्याला काय वाटतंय.”

खोटं नाही सांगत, पुढे किती दिवस मी नुसतं ‘ये’ म्हणत होतो. आपण जन्मापासून ही शेपटं लावतो, कुणी शिकवत नाही, म्हणून लक्षातच येत नाही. तू आता लावून बघ मनात. नुसतं ‘ये’, हे पोलीस म्हणतो. त्याला ‘ला’ लाव, ये ना, वाट बघतोय तुझी. ‘लो’ लाव, ये बाबा, आता काय, आलाच आहेस तर ये. आणि खाली ओढलेला ‘वो’ लाव, ये म्हणे, म्हणजे तो बोलावतोय हं तुला, मी नाही, माझ्या नावानं बोंब मारू नकोस. ‘ये’ तोच, बदक तेच, पण चौघं वेगळी माणसं. एकदा हे कळायला लागलं की बाहेर जगणं मुश्कील होतं. माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, “ठीक आहे,” आणि मागे ‘लो’ लावलं, मी लगेच टॅक्सी करून तिच्या घरी. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, तू लो म्हणालीस. तिला वाटलं मला वेड लागलंय.

आता सिमो. सिफूंची बायको, म्हणून आम्ही सिमो म्हणतो. बाई काटक, तोंडाची तिखट, खोलीवर डबा घेऊन यायची आणि काचेपलीकडून आम्हाला ऐकत बसायची. गंमत काय, हा माणूस दिवसभर पाणघोडा, प्रधान, सासरा, आणि घरी गेला की मुका. सिमो सांगायच्या, “घरी हा दोन शब्द बोलतो. हं आणि नको. माझा सगळा संसार शेपटांवर चाललाय.”

हे खरं आहे. मी जेवायला जायचो ना वोंग ताय सिनला त्यांच्याकडे, तेव्हा बघितलंय. सिफूंचं पहिलं उत्तर कायम नको. नवा फ्रिज? नको. डोंगरावर फिरायला? नको. माशाच्या गालाचा मऊ तुकडा? नको. तसं आपल्याकडे पहिल्यांदा कोण हो म्हणतं? माझी आजीही सणाच्या मूनकेकचा डबा तीनदा परत करून चौथ्यांदा घ्यायची. पण सिफूंचे नको दोन प्रकारचे. एकाला ‘ला’, नको ना, राहू दे ना, आणि ते असं लांबवलेलं, की सिमो लगेच तुकडा त्यांच्या वाटीत टाकायच्या आणि ते मुकाट खायचे. म्हणजे मला आग्रह कर, आणखी एकदा ढकल. दुसऱ्याला ‘लो’, आखूड, जमिनीवर ठेवल्यासारखं. ते आलं की सिमो एक शब्द बोलायच्या नाहीत, ताट उचलायच्या. एकदा मी विचारलं, “सिमो, सरळ विचारत का नाही, खरं नको की खोटं नको?”

त्या म्हणाल्या, “असं विचारतात होय, गाढवा? विचारलं की माणूस लाजतो आणि मग खरंच नको म्हणून बसतो. ते आपलं आपण ओळखायचं असतं.”

हे लक्षात ठेव, मी पुढे येतोय तिथं.

तर मागच्या महिन्यात सिफूंचा आवाज बसायला लागला. आधी आम्ही म्हणालो थंडी, मग म्हणालो प्रधानाचं फार ओरडणं झालं, मग ते तपासून आले. प्रधानाचा एक प्रसंग संपवला, कानावरचं काढलं आणि जेवायला काय आहे विचारावं तसं म्हणाले, “गळ्यातली आवाजाची पेटी काढणार आहेत. गाठ आहे. पुढच्या बुधवारी.” आणि मला म्हणाले, “तू जांभई शिकून घे. पाणघोड्याचे अजून भाग राहिलेत.”

काचेपलीकडे सिमो होत्या. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “पूंग-जाय, माणूस जगणार आहे, डॉक्टर म्हणाल्यात, मी त्याची चिंता करत नाही. पण मला आता कळणार कसं? तो पाटीवर नको लिहील. कुठलं नको?”

आणि मी, अरे मी मूर्ख, छाती काढून म्हणालो, “सिमो, माझ्यावर सोडा.”

हॉस्पिटलमध्ये एक मुलगी असते, बोलणं गेलेल्यांना शिकवणारी. तिनं सिफूंकडून वाक्यं वाचून घेतली होती, म्हणजे नंतर फोनमध्ये लिहिलं की फोन त्यांच्याच आवाजात बोलेल. झकास. पण ती वाक्यं सगळी पुस्तकी, आपण शाळेत निबंधात लिहायचो तसली. फोन सुरू केला तर सिफूंच्या आवाजात, “मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्यावे.”

सिमो म्हणाल्या, “हा कोण? बातम्यांतला माणूस माझ्या घरात कशाला आला?”

म्हणून माझी शक्कल अशी की ऑपरेशनच्या आधी सिफूंची सगळी शेपटं रेकॉर्ड करून ठेवायची. रविवारी खोली रिकामी असते. सिफू आत, मी यंत्रावर, सिमो काचेपलीकडे. लाल दिवा लागला. सिफूंनी घसा खाकरला आणि ‘ला’ म्हणाले. अरे, बसलेल्या आवाजातही काय सुंदर ला. सगळं हाँगकाँग मान हलवेल असा ला.

सिमो म्हणाल्या, “हा पाणघोडा आहे.”

दुसरा ला. “हा प्रधान.” तिसरा. “हा तो रडका सासरा, मुलीच्या लग्नातला.” सिफू घामाघूम. म्हणाले, “मी कुणाला म्हणतोय ते सांगा. पडद्यावर कुणी नाही, मी भिंतीला ला म्हणू का?” मग मी सिमोंना आत नेऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसवलं. म्हटलं, “आता यांना म्हणा.” सिफूंनी त्यांच्याकडे बघितलं. सिमोंनी यांच्याकडे बघितलं. लाल दिवा चालू. मग सिफू म्हणाले, “एसी बंद कर, पूंग-जाय, हिला सर्दी होते.” बिनशेपटाचं. आणि सिमो हसायला लागल्या आणि मग हसणं थांबेना, आणि मी यंत्र बंद केलं, कारण ते हसणंच नव्हतं आता.

मग दुसरी युक्ती, घरी. जेवताना नकळत घ्यायचं. त्यांच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरलेली असतात, हाडं-काटे टाकायला. त्याखाली मी माझा फोन ठेवला. सिमोंना सांगायला नको होतं, पण सांगितलं. झालं, सिमो अशा बोलायला लागल्या की जणू घरी समाजकल्याणवाले आलेत. “आपण मासा घेणार का?” सिफूंनी चॉपस्टिक हवेत थांबवली. “हिला काय झालं?” मग म्हणाले, “घोरपडीसारखी काय बघतेस कागदाकडे,” आणि कागद उचलला. फोन बघितला. मला वाटलं आता उचलून खिडकीबाहेर टाकतात. त्यांनी माशाचा एक काटा काढून त्याच्या शेजारी ठेवला, कागद परत नीट अंथरला, आणि म्हणाले, “चालू दे.” मागे लो. घरी येऊन ऐकलं तर त्या एका ‘लो’च्या वरून शेजारच्यांच्या माजोंगच्या डावाचे ठोकळे खडखडत गेलेत. तेवढंच. तेवढंच हाताला लागलं.

बुधवारी ऑपरेशन झालं.

आता पुढे बघ. गळ्याला भोक, नाकातून नळी, हातात पांढरी पाटी आणि पेन. फोनचा प्रयोग एकदाच झाला. मी त्यात ती स्टुडिओतली शेपटं घातली होती, वेगळं बटण दाबलं की शेपूट लागायचं. सिफूंनी लिहिलं, फोन बोलला, “मला उशी उंच हवी आहे,” आणि मागून पाणघोड्याचा भला मोठा लाऽऽ. सगळा वॉर्ड हसला, नर्स हसली, समोरचे हनुवटीचं ऑपरेशन झालेले काका टाके धरून हसले. सिफूंनी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवर गुडघ्यानं लोटला. आता तो तिथंच आहे.

राहिली पाटी. तर सिफू पाटीवर लिहिणार ते कसं? निबंधासारखं. ‘पाणी.’ ‘दिवा मालवावा.’ ‘भाचीस कळवणे.’ अक्षर असं की बँकेत टांगावं, आणि शेपूट एक नाही. सिमो हातापाया पडल्या. “म्हाताऱ्या, एक अक्षर जास्त लिही. आजकाल पोरं फोनवर सगळी शेपटं लिहितात, कुणाचा हात झडला नाही.” सिफू पेनाला टोपण लावायचे. मला माहीत होतं का. त्यांनी एकदा सांगितलं होतं, शाळेत त्यांनी निबंधात बोलल्यासारखं ‘ला’ लिहिलं, तर मास्तरांनी पट्टीनं बोटं सुजवली होती, बोलायचं ते तोंडात ठेव, कागदावर माणसासारखं लिही. आता तोंड राहिलं नाही आणि हात तिथं जात नाही.

आणि तू विचारशील नुसते ओठ का नाही हलवत? मीही विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘रिकामे तोंड.’ आणि ओठ असे घट्ट मिटले, जसं कुणी खिडकी लावावी.

मग सिमोंनीच तो शोध लावला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी फळं घेऊन गेलो, सिफूंनी लिहिलं, ‘नको.’ सिमो माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “तू म्हण. याच्या आवाजात.” मला त्यांचा आवाज येतो, पाणघोडा आता मीच करतो. मी सिफूंच्या तोंडाकडे बघितलं, पडद्याकडे बघतात तसं, आणि म्हणालो, “नको,” आणि मागे लांबवलेला ला.

सिफूंनी काही केलं नाही. टक नाही. पेन्सिल होती हातात, घरून मागवून घेतली होती. टक नाही म्हणजे बरोबर. सिमोंनी पेरू कापला, त्यांना खाता येत नव्हतं तरी कापला, त्यांना वास दिला, आम्ही दोघांनी खाल्ला. अरे, मला काय वाटलं सांगू? मी उडत घरी गेलो. दोन वर्षांत पहिल्याच फटक्यात, एकही टक न होता, मला कधी जमलं नव्हतं.

मग मी रोज जायला लागलो. सिमो फोन करायच्या, “पूंग-जाय, ये, तुझ्या सिफूनं सकाळपासून चार शब्द लिहिलेत, मला एकाचाही पत्ता नाही.” मी जायचो, पाटी वाचायचो, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, बोलायचो. कधी चुकायचो, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर टक व्हायचं, मी दुसरं लावायचो. मग बरोबर यायचं. सिमो मला नाही, त्यांना उत्तर द्यायच्या. भांडायच्यासुद्धा. एकदा माझ्या तोंडून त्यांचं दोघांचं पंख्याच्या बटणावरून कडाक्याचं भांडण झालं, आणि मी मध्ये उभा राहून सिफूंच्या आवाजात सिमोंना म्हातारी कैदाशीण म्हणतोय, आणि सिमो मला चप्पल दाखवतायत, आणि सिफू बिनआवाजाचे हसतायत, नुसते खांदे. मला वाटलं, जमलं. हे असंच चालेल. मी पाणघोडाही करीन आणि हेही करीन.

आता कालची दुपार.

डॉक्टर याऊ आल्या, तरुण बाई आहेत, घाईत असतात पण बसून बोलतात. म्हणाल्या गाठ काढली, पण कडेला अजून काही राहिलंय, आता किरणांचं करावं लागेल, बरेच आठवडे, त्रास होईल, घसा भाजेल, गिळायला परत शिकणं लांबेल. केलं तर आशा चांगली. नाही केलं तर परत येईल ते, कधी ते सांगता येत नाही. आणि करायचं तर आता तारीख घ्यावी लागेल, उशीर करून उपयोग नाही. म्हणाल्या, मी पलीकडचे दोन पेशंट बघून येते, तुम्ही बोला.

तुम्ही बोला. बरं.

सिफूंनी पाटी घेतली. लिहिलं, ‘नको. घरी जाऊ.’ आणि पाटी पांघरुणावर ठेवली.

सिमोंनी ती वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मला अजून डोळ्यांसमोर दिसतंय, त्यांच्या हातात थर्मास होता, त्याचं झाकण त्या फिरवत होत्या. म्हणाल्या, “पूंग-जाय. कुठलं?”

कळतंय ना तुला? आग्रहाचं नको असेल तर सिमो त्यांना ढकलणार, ओरडणार, रडणार, आणि ते मुकाट जाणार, माशाच्या तुकड्यासारखं. आणि जमिनीवर ठेवलेलं नको असेल तर सिमो ताट उचलणार. एकदाही विचारणार नाहीत. विचारायचं नसतं.

मी सिफूंकडे बघितलं. त्यांचा चेहरा, काय सांगू, काही नव्हतं तिथं. खिडकीकडे बघत होते. खाली कुणीतरी बस मागे घेत होतं, तिचं टीं टीं चालू होतं. मला वाटलं, त्यांना जगायचंय. अर्थात जगायचंय, कुणाला नसतं. मी म्हणालो, “नको,” आणि लांबवलेला ला, “घरी जाऊ,” आणि त्यालाही ला.

सिमोंचा चेहरा असा उजळला. पुढे सरकल्या, म्हणायला लागल्या, “अरे म्हाताऱ्या, असं कसं नको...”

टक.

सिमो थांबल्या. मी थांबलो. ठीक आहे, चुकलं. मी श्वास घेतला आणि लो लावलं. आखूड, जमिनीवर ठेवल्यासारखं. सिमोंनी थर्मास खाली ठेवला.

टक.

हेही नाही? मग कुठलं? मी आणखी एक लावलं, ते आपण ‘एवढंच ना’ म्हणतो तेव्हाचं. टक. मग दटावणीचं. टक. मग मी काहीच न लावता म्हणालो, पोलिसासारखं. टक. समोरचे हनुवटीवाले काका टीव्हीचा आवाज बंद करून बघत होते. माझ्याकडची सगळी संपली, खरंच सांगतो, जेवढी त्यांनी शिकवली तेवढी सगळी लावून झाली, आणि मी म्हणालो, “सिफू, मला येत नाही.” माझ्या स्वतःच्या आवाजात.

सिफूंनी खिडकीवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. आणि मग, ऐक, त्यांनी तोंड उघडलं. त्यांनी. गळ्यातल्या भोकातून थोडी हवा आल्यासारखा आवाज झाला. ओठ हलले, नको, घरी, जाऊ. स्पष्ट. मी ओठ वाचून पोट भरतो, मला कळतं. आणि शब्द संपले तरी ओठ हलत राहिले. त्या बदकाच्या चोचीसारखे. शेपटाची जागा, पुढ्यात, मोकळी. ला असता तर तोंड उघडलं असतं. लो असता तर ओठ गोल झाले असते. त्यांचे ना उघडले ना गोल झाले, मधेच कुठेतरी थरथरले, आणि ते माझ्याकडे बघतायत, सिमो माझ्याकडे बघतायत, आणि ती जागा भरणं हे माझं काम आहे, त्याचाच पगार घेतो मी.

मी भरली नाही. माझ्या तोंडातून आवाजच आला नाही. दोघंही रिकामी तोंडं, मी आणि ते.

पडदा सरकला, डॉक्टर याऊ आल्या. “काय ठरलं?”

सिमोंनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग उभ्या राहिल्या, चादरीची घडी सारखी केली, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “घरी जायचंय म्हणे.” तो खाली ओढलेला वो. तो म्हणतोय, मी नाही. या दोन वर्षांत सिमोंनी सिफूंच्या बाबतीत ते शेपूट वापरलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते आपण शेजाऱ्यांबद्दल वापरतो, भाडेकरूंबद्दल.

मी पेन्सिलकडे बघत होतो. म्हटलं आता टक होईल. सिफू सिमोंकडे बघत होते, पेन्सिल बोटांत होती, कठडा तिथंच होता. टक झालं नाही.

आता मला सांग, ते बरोबर होतं म्हणून नाही झालं, की ते दमले होते म्हणून?

डॉक्टर बराच वेळ समजावत होत्या. सिमो मान हलवत होत्या, हो, हो, हो. पण यांच्याकडे वळून एकदाही म्हणाल्या नाहीत, असं कसं नको. आज सकाळी घरी नेलं. मी बॅग उचलायला गेलो होतो. टॅक्सीत सिमो पुढे बसल्या, आम्ही दोघं मागे, पाटी सिफूंच्या मांडीवर, कोरी. डॉक्टर म्हणाल्यात मन बदललं तर फोन करा, पण फार दिवस लावू नका. घरी सिमोंनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, सूप गाळून घेतलं नळीसाठी, आणि मला म्हणाल्या, “तू जा ला, दमला असशील.” मला. ला मला लावलं, त्यांना नाही.

आणि मी तेव्हापासून हाच विचार करतोय की टक झालं तर झालं, मी पहिल्या ‘ला’ला चिकटून राहिलो असतो तर? मोठ्यानं, परत परत, त्यांनी कठडा फोडला असता तरी? सिमोंनी ढकललं असतं त्यांना. ते गेले असते. किंवा घसा भाजून घेत दर सकाळी माझ्याकडे बघत बसले असते, की पूंग-जाय, मी हे म्हणालो नव्हतो. नाहीतर ‘लो’ला चिकटलो असतो, तर निदान सिमोंना ते वो लावावं लागलं नसतं, त्या दोघांमध्ये ते आलं नसतं. मला त्यांचा आवाज येतो रे, सगळ्या शहरात फक्त मला येतो. पण त्यांना काय वाटत होतं ते मला येत नाही, कदाचित त्यांनाही येत नव्हतं.

नाही, चहा नको. खरंच नको, बस.

तू फक्त सांग. ते ओठ तुझ्यासमोर असे थरथरत असते, जागा मोकळी, दोघंही तुझ्याकडे बघतायत, आणि बाहेर डॉक्टरांच्या चपलांचा आवाज जवळ येतोय, तर तू काय केलं असतंस?